सामना बघा, मग झोडा

२९ मार्च २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी ५-० अशी हरली. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीचा सामना होता. हरलो की मोसम संपणार होता, आणि तो संपला. त्याआधी अकरा महिने, ४ मे २०२४ ला, ह्याच क्लबने कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असं हरवून चषक उचलला होता.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडले. निकाल होता. गोल कोणी केले ते होतं. धुव्वा उडाल्याचंही होतं. ‘का’ एवढं मात्र कुठे नव्हतं.

त्या ‘का’चं निम्मं उत्तर समोरच्या संघाकडेच होतं. राहुल भेके, आल्बेर्तो नोगेरा, होर्गे पेरेरा दियाझ हे तिघे चषक जिंकून देणारे खेळाडू २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबई सोडून बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. सॉल्ट लेकच्या अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला गोल दियाझचा होता आणि कांतीरवावर मुंबईला बसलेला पाचवा गोलही दियाझचाच. हे सांगायला आतल्या गोटातला माणूस लागत नाही. दोन मोसमांच्या संघांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या की शाळकरी पोरालाही दिसतं. पण याद्या ठेवायला कुणीतरी बसावं लागतं. कुणी बसलं नाही.

माझी तक्रार तेवढीच आहे. क्लबचं कौतुक छापा, असं आम्ही चाहत्यांनी कधी म्हटलेलं नाही. पाच गोल खाल्ले तर पाचही गोलांचा पंचनामा करा. कोणता बचावपटू जागा सोडून पुढे गेला, मधल्या फळीत भोक कुणी पाडलं, कोचने बदल करायला उशीर का केला, मालकांनी चार भरवशाचे खेळाडू का जाऊ दिले, सगळं लिहा. नावं घेऊन लिहा. आम्हाला झोंबेल इतकं लिहा. पण त्याआधी सामना बघा. न बघता झोडलेलं आम्हाला लगेच कळतं, आणि न बघता केलेलं कौतुक त्याहून लवकर कळतं.

आमच्या पनवेलला फुटबॉल परका नाही. पनवेलहून लोकलमध्ये बसलं की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियम तिथे आहे. मुंबई सिटीचा जन्मच ह्या हार्बर लाइनवरचा. १८ ऑक्टोबर २०१४ ला क्लबने घरच्या मैदानावरचा पहिला सामना नेरूळला खेळला, समोर पुणे सिटी, निकाल ५-०. आंद्रे मोरित्झने तीन गोल केले, लीगच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. पुढच्या वर्षी २८ ऑक्टोबरला त्याच मैदानावर सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल मारले आणि ह्या लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. एका स्टेडियममध्ये वर्षभराच्या अंतराने दोन ‘पहिल्या’ गोष्टी घडल्या. पनवेल, कामोठे, खारघरच्या शाळेतल्या किती मुलांना हे माहीत आहे? ज्यांच्या घरी बापाने सांगितलं, त्यांना. पेपरातून कळलेलं पोर मला अजून भेटायचंय.

त्या दिवसांत पेपरांत फुटबॉल आलाच नाही असं नाही. आला, पण नटांचा हात धरून. मुंबईच्या मालकांत रणबीर कपूर, पुण्याच्या मालकांत हृतिक रोशन. मालक कोणता शर्ट घालून आला हे कळायचं, डावा विंगर कोण हे कळायचं नाही. फ्रेडी ल्युंगबर्ग, निकोला अनेल्का आणि नंतर दिएगो फोर्लान आले, त्यांचे विमानतळावरचे फोटो आले. अनेल्का २०१५ मध्ये खेळाडू आणि कोच अशी दोन्ही कामं करत होता आणि त्या मोसमात गोव्याने मुंबईला ७-० हरवलं. सात गोल! खेळणारा माणूस बाहेर उभं राहून संघ कसा चालवणार, हा साधा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. फोटोखाली प्रश्न बसत नाही.

आता राहुल भेकेबद्दल लिहायचंच आहे, कारण ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट त्याचीच आहे.

भेके मुंबईत जन्मलेला. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर लीगचा अंतिम सामना झाला. गोवा विरुद्ध बंगळुरू, जादा वेळेत गेलेला. शेवटच्या काही मिनिटांत भेकेने गोल केला आणि बंगळुरू विजेती झाली. तीन वर्षांनी, ११ एप्रिल २०२२ ला, रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. आशियातल्या ह्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब. त्या सामन्यातला विजयी गोल भेकेचा. पुढे त्याने मुंबईची कप्तानी केली. मग गेला.

एखाद्या मुंबईकर क्रिकेटपटूने आशियात असं काही पहिल्यांदा केलं असतं, तर त्याच्या चाळीपासून शाळेच्या सरांपर्यंत सगळ्यांच्या मुलाखती झाल्या असत्या. व्हायलाही हव्यात, क्रिकेटवर माझा राग नाही. पण मुंबईतच वाढलेला, आडनाव वाचताच आपल्यातला वाटणारा हा मुलगा मराठी वाचकाला नीट भेटवलाच नाही. तो क्लब सोडून गेला तेव्हाही का गेला, पैशांवरून, कोचशी न पटल्यामुळे की क्लबने नवा करारच दिला नाही, हे कुणी शोधायला गेलं नाही. मग कांतीरवावर त्याचा संघ आपल्याला पाच गोल मारतो, तेव्हा आम्ही नेमकं कुणावर चिडायचं?

६ नोव्हेंबर २०२३ चा दिवस घ्या. सौदी अरेबियाचा अल हिलाल क्लब नेरूळला आला होता. अलेक्झांडर मित्रोविच, रुबेन नेव्हेस, कालिदू कुलिबाली ह्या ताकदीचा संघ हार्बर लाइनवरच्या स्टेडियममध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना खेळणार होता. आधीचे कित्येक आठवडे चर्चा एकाच माणसाची, नेमारची. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला, तो येणार नाही हे पक्कं झालं आणि माध्यमांचा रस त्याच्याबरोबर आटला. त्याच दिवशी दिल्लीत क्रिकेट विश्वचषकात अँजेलो मॅथ्यूजला ‘टाइम्ड आउट’ दिलं गेलं, दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मॅक्सवेलने द्विशतक ठोकलं. पानं भरायला एवढं पुरेसं होतं, मान्य. पण आमचा सामना? दोन आठवड्यांपूर्वी रियाधमध्ये ज्यांच्याकडून मुंबईने ६-० मार खाल्ला, त्याच संघाला नेरूळमध्ये मध्यंतरापर्यंत रोखून धरलं आणि शेवटी मुंबई ०-२ हरली. त्या पंधरवड्यात संघात काय बदललं? सहाचे दोन कसे झाले? पराभवातही सांगण्यासारखी गोष्ट असते, आणि ही तर फार चांगली गोष्ट होती. मग काही दिवसांतच कोच डेस बकिंगहॅम मोसमाच्या मध्यावर इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला. गटातले सहाही सामने मुंबई हरली. त्या मोहिमेचा सलग हिशेब मांडणारा मराठी लेख मला आजवर सापडलेला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, ह्याच मैदानावर मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेन १, कोलंबिया ०. विश्वचषकाची फायनल, पनवेलहून सहा स्टेशनांवर! त्याच दिवशी पर्थला भारत टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेकडून हरला. क्रीडा पानावर कोणता सामना वर आणि कोणता खाली गेला असेल, हे वाचकाला सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात फुटबॉल लिहिता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने कोल्हापूरला जावं. कामोठ्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं भरपूर. त्यांतले शिवाजी पेठेतले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, “काय हो, तुमच्या मुंबईच्या पेपरात मॅच कुठं असती? आमच्याकडं पोरानं सोपा बॉल घालवला तर दुसऱ्या दिवशी नावानिशी छापून येतंय. पेठेत तोंड दाखवायची पंचाईत व्हती.”

पंचाईत व्हती! हेच तर मला हवंय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले, किंवा दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा ह्यांतले कोणतेही दोन संघ उतरले, की कोल्हापूरच्या पेपरांत सामन्याचा सविस्तर वृत्तान्त असतो. कुणी चाल रचली, कुणाचा फटका बारवरून गेला, गोलकीपरने काय अडवलं, पंचाचा कोणता निर्णय वादाचा ठरला. हुल्लडबाजी झाली तर समर्थकांचेही कान उपटलेले असतात. हे खेळाडू तालमीचे, पेठेचे. कुणी दिवसा नोकरी करतो, कुणी कॉलेजात आहे. कोट्यवधीची लीग नाही, परदेशी कोच नाही. तरी तिथला वार्ताहर गॅलरीत बसलेला असतो, कारण सामना न बघता लिहिलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक त्याला सोडणार नाहीत. अशा मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वाचणारं आणि भांडणारं गाव पाठीशी असलं की मुलगा घडायला मदत होते, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या क्रीडा वार्ताहरांना माझा मनापासून नमस्कार. मुंबईच्या डेस्कवर त्यांतला एक जरी आणून बसवला तरी आमचं निम्मं भांडण मिटेल.

मुंबईच्या पेपरांचा युक्तिवाद मला पाठ आहे. एका मराठी पेपरात क्रीडा पान लावणारा माझा एक जुना मित्र दरवेळी तोच ऐकवतो. “अरे, पान एक, त्यात अर्धी जाहिरात. माणसं दोन, त्यातला एक सुट्टीवर. तुझा सामना साडेसातला सुरू होणार, साडेनऊला संपणार, बाहेरगावच्या आवृत्त्या त्याआधी सुटलेल्या. वृत्तसंस्थेची कॉपी येते ती लावतो. आणि मला सांग, वाचतो कोण?”

त्याचं पहिलं सगळं खरं आहे. डेस्कवरच्या माणसाच्या गळ्यापर्यंत काम आलेलं असतं, रात्रपाळीचा माणूस दमलेला असतो, आणि मालक लोक क्रीडा विभागात माणसं भरत नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही. पण आवृत्ती आधी सुटते म्हणून निकाल चुकेल, विश्लेषण का चुकावं? ते परवा छापा, रविवारी छापा. सामना झाल्यावर चार दिवसांनीही आम्ही त्यावरच बोलत असतो.

आणि ‘वाचतो कोण’ ह्याचं उत्तर २०१८ सालीच मिळालेलं आहे. १ जून २०१८, अंधेरीचं मैदान, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, अशी त्याने हात जोडून विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. मुसळधार पावसात स्टेडियम भरलं, सगळी तिकिटं संपली. संघ तोच, मैदान तेच, शहर तेच. मधल्या दोन दिवसांत बदललं ते एवढंच की लोकांना कुणीतरी सांगितलं. ते काम खेळाडूला स्वतः मोबाइलसमोर उभं राहून करावं लागलं. ज्यांचं रोजचं कामच लोकांना सांगणं आहे, त्यांनी ह्या गोष्टीवर पानभर लिहिलं, छेत्रीला डोक्यावर घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा होतं तिथे गेले.

टीव्हीवाल्यांचं दुखणं वेगळं होतं आणि जास्त खोल होतं. डिसेंबर २०२५ पर्यंत आयएसएल चालवणारी कंपनी होती एफएसडीएल. ती उभी केली रिलायन्सने, स्टार इंडियाला बरोबर घेऊन. सामने दाखवायला वाहिनी स्टारची. २०२३ पासून हक्क व्हायकॉम १८ कडे, म्हणजे पुन्हा रिलायन्सच्या घरात, आणि २०२४ च्या अखेरीस दोन्ही घरं एक होऊन जिओस्टार झालं. लीग ज्यांची, कॅमेरा त्यांचाच, स्टुडिओतला तज्ज्ञही त्यांनीच बोलावलेला. तो तज्ज्ञ कॉर्नर किकवर बोलायचा, पण लीगला खालच्या गटात घसरण का नाही, वेळापत्रक इतकं विस्कटलेलं का, क्लब दरवर्षी तोट्यात का, हे तो त्या खुर्चीत बसून विचारत नसे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेड २०२४-२५ मध्ये पंधराव्या क्रमांकावर घसरला तेव्हा गॅरी नेव्हिल आणि रॉय कीन ह्या क्लबच्याच जुन्या खेळाडूंनी दर आठवड्याला मालकांची आणि खेळाडूंची सालं काढली. पनवेलमधली कॉलेजची मुलं ते सगळं मोबाइलवर बघतात. युनायटेडच्या बचावफळीत कोण कुठे चुकतो हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि अंधेरीत खेळणाऱ्या क्लबचा उजवा बॅक कोण हे सांगता येत नाही. दोष मुलांचा नाही. एका क्लबची गोष्ट त्यांना रोज सांगितली जाते, दुसऱ्याची कुणी सांगतच नाही.

न सांगण्याची किंमत आपण आधी मोजलेली आहे.

महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये संघ बंद. एस्सेल समूहाने २००७ मध्ये काढलेला मुंबई एफसी कुपरेजवर खेळायचा. मंत्रालयापासून चालत जाता येईल इतकं जवळचं मैदान, तरी बहुतेक सामन्यांना पत्रकारांची जागा रिकामी. सात वर्षं तुटपुंज्या पैशांत संघ टिकवणाऱ्या खालिद जमीलला २०१६ मध्ये क्लबने काढलं. तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला आणि पहिल्याच मोसमात त्या लहानशा क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरली आणि मग मिटलीच. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचा प्रशिक्षक झाला तेव्हा सगळीकडे त्याच्यावर लेख आले. कुपरेजवर तो उभा होता तेव्हा लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर त्याला काढताना मालकांना निदान चार लोकांना उत्तर द्यावं लागलं असतं.

पुण्याचं तर विचारूच नका. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आला, आय-लीगचा एक मोसम खेळून गेला. डीएसके शिवाजियन्स गेला. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली, आणि २०२५ मध्ये तीच हैदराबादहून दिल्लीला निघून गेली. पाच वर्षांच्या आत पुण्याने चार व्यावसायिक क्लब गमावले. चार! नाट्यसंस्था बंद पडली तर आपल्याकडे परिसंवाद होतात. इथे बालेवाडीच्या गॅलरीत दर आठवड्याला घसा फोडणारी मुलं एका सकाळी उठली तेव्हा त्यांचा क्लब नव्हता, आणि ती बातमी आतल्या पानावर, एक कॉलमात. क्लब चालत असताना जमाखर्च कुणी विचारला नाही, म्हणून बंद पडताना कारणही कुणाला ठाऊक नव्हतं. माध्यमं आमच्या खेळाकडे लग्नाला आणि तेराव्यालाच येतात. मधल्या आजारपणात कुणी फिरकत नाही.

आता मुंबई सिटीचं आजारपण चालू आहे.

११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबांना कळवलं की नवा मोसम थांबवला आहे. भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. पंधरा वर्षं ती तारीख सगळ्यांना माहीत होती. २०२३ मध्ये, २०२४ मध्ये ‘पुढे काय’ असं विचारणारा मथळा मी शोधतोय. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली, मग निविदा निघाली, आणि ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. ८ डिसेंबरला करार संपला. २६ डिसेंबरला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडल्याचं जाहीर झालं. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतलेली, मँचेस्टर सिटीची मालक असलेली कंपनी सहा वर्षांत साखळीतल्या अव्वल स्थानाच्या दोन शिल्ड आणि दोन चषक देऊन गेली. लीगच्या भवितव्याची अनिश्चितता हे कारण तिने दिलं.

त्या दिवशी मात्र पानं मिळाली. मोठे मथळे आले. सगळीकडे भारतीय फुटबॉल संपल्याचा सूर. ज्यांनी वर्षभरात एकही सामना बघितला नव्हता त्यांनी शोक केला. मला संताप आला तो ह्या शोकाचा. संपलं कुठे? खेळाडू सराव करत होते. २०२१ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियमवर नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून पहिला चषक देणारा बिपिन सिंग असेल, आजही धावणारा लालियनझुआला छांगटे असेल, मणिपूर-मिझोरामची ही पोरं आमच्या शहराच्या नावाचा शर्ट घालून वर्षानुवर्षं धावली. त्यांच्याबद्दल ‘संपलं’ लिहिणाऱ्यांतल्या किती जणांनी त्यांना एकदा तरी फोन लावला?

६ जानेवारीला क्रीडामंत्री मनसुख मांडविया ह्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारी २०२६ पासून लीग सुरू होईल, चौदा क्लब, ९१ सामने. पण विचारायला प्रश्न पडून आहेत. सिटी ग्रुप गेल्यावर क्लबचे पगार कोण देणार आणि किती महिन्यांची सोय आहे? गुणवान खेळाडू शोधायची, त्यांची माहिती ठेवायची जी यंत्रणा मँचेस्टरहून आली होती, ती राहिली की तीही गेली? अकादमीतल्या मुलांचं काय? अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल सार्वजनिक पैशांतून उभं राहिलेलं आहे, तिथला क्लबचा करार कोणत्या अटींवर आहे? खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी चांगलं मैदान केलंय, आमच्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत. ते ह्या क्लबला, इथल्या शाळांना, मुलींच्या संघांना किती तास मिळतं आणि कोण ठरवतं? घरच्या मैदानावरचा एक तरी सामना पुन्हा नेरूळला होणार का?

हे प्रश्न विचारायला परदेशी जावं लागत नाही. घाटकोपरहून मेट्रो पकडायची, आझाद नगरला उतरायचं, तिथून मैदान चालत जाण्यासारखं आहे. खारघरला तर आमच्या पनवेलच्या बातमीदारालाही दुचाकीवर जाता येईल. पत्रकार परिषदेत मालकांचा माणूस असेल, कोच असेल. वर लिहिलेल्यांतला एक प्रश्न विचारा, उत्तर टाळलं तर ‘टाळलं’ असं छापा. मथळा लहान असला तरी चालेल. आणि पुढच्या सामन्यात संघ वाईट खेळला, तर तसं लिहा, मिनिटांसकट.